बाबालाल मिस्त्री आणि आमच्या मोटारीचं दार

तुमच्या मोटारीच्या दाराची मूठ हातात आली आणि दुरुस्तीवाल्यानं अख्खं दारच नवं बसवून दिलं, असं तुमच्या आईनं पत्रात लिहिलं आहे. जुन्या दाराचं काय झालं, असं मी उलट टपालानं विचारलं. तिला माहीत नाही. तेव्हापासून चार दिवस मला बाबालाल मिस्त्री आठवत आहेत. तुम्हा दोघांना ते ठाऊक असावेत असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

आधी काळ सांगते, म्हणजे गोंधळ होणार नाही. महाराजांच्या कारकिर्दीची ती शेवटची वर्षं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. कोल्हापुरात तेव्हा मोटारी इतक्या थोड्या होत्या की नुसत्या भोंग्यावरून कुणाची मोटार येते आहे हे लोक सांगत. त्यांतली एक आमची. माझे वडील, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, दरबारच्या नोकरीत होते. विलायतेला परत निघालेल्या एका इंजिनिअरकडून त्यांनी ती जुनी घेतली होती. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. वयाचा होता, आणि आमच्या रस्त्यांचा.

त्या काळच्या मोटारींचा सांगाडा लाकडी असे आणि वरून पत्रा मारलेला. पावसाळ्यात लाकूड फुगे, उन्हाळ्यात आकसे. आमच्या मोटारीला मागं दोन दारं होती आणि दोन्ही आपापल्या चौकटीतून खाली उतरली होती. उजवं दार गुडघ्यानं वर उचलून मग लावावं लागे. डाव्या दाराची मूठ नुसतीच गोल फिरे, कारण तिचं चौकोनी भोक झिजून वाटोळं झालं होतं. आमचा ड्रायव्हर गणू त्यावर उपाय म्हणून डावं दार काथ्याच्या दोरीनं बांधून टाकी आणि उजव्याला लाथ मारी.

या मोटारीत सर्वांत जास्त बसणारी व्यक्ती म्हणजे आप्पांच्या थोरल्या बहीण, आक्कासाहेब. लहान वयात विधवा होऊन त्या भावाकडे आल्या आणि घराचा सगळा कारभार त्यांच्या हातात गेला. आवाज मोठा, देह त्याहून मोठा. आमच्यासारख्या घरांतल्या बायका तेव्हा गोषा पाळत, म्हणजे परक्या पुरुषासमोर येत नसत. आक्कासाहेब पडद्याआडूनच सगळं घर, दोन गडी, तीन म्हशी आणि आप्पांना चालवत. मोटारीलाही पडदे होते. दोरी बांधलेलं दार त्यांना मुळीच खपत नव्हतं. "मी काय बाजाराला न्यायची गाय आहे का, दाव्याला बांधायला?" असं त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी आप्पांनी बाबालाल मिस्त्रींना निरोप धाडला.

मिस्त्री दरबारच्या गाडीखान्यात होते. आजोबांपासून त्यांचं घराणं बग्ग्या आणि मेणे बांधत आलं होतं. उंच, वाळक्या शेंगेसारखे, अंगाला कायम जवसाच्या तेलाचा वास. आमच्या अंगणात आले ते मोटारीला हात न लावता तिच्याभोवती दोनदा फिरले. मग डाव्या दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि वैद्यासारखं विचारलं, "कवाधरनं दुखतंय?"

गणू म्हणाला, "दुखतंय कुटलं? लागत न्हाय नुसतं. हे बघा, असं लावायचं." आणि त्यानं उजव्या दाराला लाथ घातली.

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिले. "बायकूला बी असंच घरात घेतोस व्हय रं?"

गणूचं नुकतंच लग्न झालं होतं. पडद्याआडून आक्कासाहेबांचं हसणं ऐकू आलं. मला वाटतं, मिस्त्रींचं आमच्या घरी जमलं ते त्या क्षणापासून.

त्यांच्या कामाची रीत सांगण्यासारखी होती. दार कुठं घासतं हे कळायला ते त्याच्या कडेला तेलात कालवलेली दिव्याची काजळी फासत. दार एकदा हलकेच लावायचं, उघडायचं, आणि चौकटीवर जिथं काळं उमटेल तिथंच कानस चालवायची. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. एका दाराला अशी वीस-पंचवीस वेळा काजळी लागे. शेजारची मंडळी गमतीनं विचारत, "काय मिस्त्री, लेकीला काजळ घालताय जणू?" ते मान वर न करता म्हणत, "नांदायला जायाचीया. नीट दिसाय नको?"

झिजलेल्या मुठीच्या भोकात त्यांनी पितळेचा पातळ पत्रा चारी बाजूंनी बसवला आणि तो घासून असा चौकोन केला की मूठ फिरवली की आतला खटका त्याच क्षणी हले. खाली उतरलेलं दार वर घ्यायला बिजागरीच्या मागं ते कातड्याच्या चकत्या घालत. मात्र नवं कातडं त्यांना चालत नसे. "नवं कातडं दबतं. चार पावसाळं मानसानं तुडवल्यालं पायजे. मग ते कुनाला दबत न्हाय." त्यामुळं त्यांना माणसाच्या चेहऱ्याआधी पायांकडे बघायची सवय होती. कुणाच्या पायात जुनी, कळा गेलेली कोल्हापुरी वहाण दिसली की त्यांचे डोळे लकाकत. आप्पांची एक लाडकी जोडी होती, टाचा झिजून कागदासारख्या झालेली.

"आप्पासाब, ह्या कवा टाकनार?"

"टाकायच्या कशाला? चांगल्या आहेत."

"चांगल्या हायत म्हनूनच इचारतोय की."

दोन दिवस त्यांनी एवढाच विषय लावून धरला. तिसऱ्या दिवशी आप्पा अनवाणी घरात आले. त्यांच्या वहाणांच्या चकत्या झाल्या आणि डाव्या दाराच्या बिजागरीमागं बसल्या.

दार आपटणं त्यांना सहन होत नसे. "जोरानं लागलं म्हंजे लागलं न्हवं, भांडलं," असं ते म्हणत. काम संपल्यावर त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि डावं दार एका करंगळीनं लावून दाखवलं. 'खट्' असा अगदी छोटा आवाज झाला. दाराभोवतीची फट सगळीकडून सारखी होती. गणूनं दोरी गुंडाळून गोठ्यात नेऊन ठेवली.

आता त्यांच्या मनातली गोष्ट सांगते. गाडीखान्यात बग्ग्या कमी होत चालल्या होत्या आणि दरबारचा मोटारखाना वाढत होता. मोटारखान्यावर एक इंग्रज साहेब होते. नव्या कारखान्यासाठी माणसं घ्यायची यादी ते महिनाअखेर करणार होते. बग्गीवाल्याला मोटारीतलं काही कळत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी मिस्त्रींना तोंडावर सांगितलं होतं. यादीत नाव आलं नाही, तर मिस्त्रींना बायकोमुलांसह कोडोलीला मेव्हण्याच्या दारात जावं लागणार होतं, बैलगाड्यांच्या चाकांना आरे घालायला. कोडोलीला त्यांची काही तक्रार नव्हती. "पन आज्यानं मेण्याला दार लावलं, बानं बग्गीला लावलं. मोटारीला लावायचं माझ्या वाट्याला आलंय. ते सोडून आरं घालत बसू?" असं ते आप्पांना म्हणाले होते.

आप्पांनी युक्ती काढली. पुढच्याच आठवड्यात राजवाड्यावर जनान्यात कीर्तन होतं आणि आक्कासाहेबांना बोलावणं होतं. मोटारखान्याचे साहेब अशा दिवशी मोटारी उभ्या करायच्या जागी हजर असत. आमची मोटार त्यांच्या डोळ्यांपुढं थांबेल, दार करंगळीनं उघडेल, मग आप्पा मिस्त्रींचं नाव काढतील.

ठरल्याप्रमाणं आम्ही निघालो. मागं आक्कासाहेब डाव्या बाजूला, शेजारी मी. घाईत गणूनं त्यांचं दार जुन्या सवयीनं लाथ मारूनच लावलं. पुढं गणू आणि आप्पा. मिस्त्री धुतलेला सदरा घालून आधीच राजवाड्यापाशी जाऊन थांबले होते. जनान्याच्या दारापासून मोटारीपर्यंत कनात धरली होती, म्हणजे बायका कुणाला न दिसता आत जाव्यात. मोटार थांबली. कनातीच्या आतून दासीनं मूठ फिरवली. मूठ फिरली, खटका हलला, आणि दार जागचं हललं नाही.

दासीनं ओढलं. दुसरी दासी आली, दोघींनी ओढलं. मी आतून ढकललं. दार भिंतीसारखं गच्च.

"उजवीकडनं उतरा, आक्कासाहेब," आप्पा हळू आवाजात म्हणाले.

"उजवीकडं सगळा दरबार उभा आहे. तिकडनं उतरू?"

"मग काय करायचं?"

"मी आता इथंच बसून कीर्तन ऐकते. बुवांना म्हणावं जरा मोठ्यानं म्हणा."

गणूनं उतरून दाराला हिसका द्यायची तयारी केली. तेवढ्यात मिस्त्री धावत आले. त्यांनी दाराकडे पाहिलंच नाही. मोटारीच्या मागं जाऊन ते जमिनीवर पालथे झाले, खालून सांगाड्याकडे बघितलं आणि उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "हिसका देऊ नगंस. मोटार बसलीया. उचलल्याबिगर दार सुटायचं न्हाय." चार पहारेकऱ्यांना बोलावून त्यांनी कनातीबाहेरून मागची डावी बाजू धरायला लावली.

"उचला!"

"हुप्प!" पहारेकरी म्हणाले. मोटार एका बाजूनं वर गेली. आत आक्कासाहेब "अगं आई गं!" म्हणून माझ्यावर आल्या. आणि दार आपोआप, अगदी सभ्यपणे, उघडलं.

जनान्यात हसण्याची लाट उठली. आक्कासाहेब पदर सावरून ताठ मानेनं आत गेल्या. पलीकडे उभ्या असलेल्या साहेबांनी सगळं पाहिलं होतं. ते मिस्त्रींना आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाले, "एक दरवाजा के लिए चार आदमी? ये तो हाथी का काम है." आप्पांनी आणखी एक संधी मागितली. महिनाअखेरीच्या आधी मी स्वतः येऊन मोटार बघेन, एवढं साहेबांनी कबूल केलं.

आम्ही घरी आलो. सगळ्यांना कारण कळलं होतं. दार मोटार रिकामी असताना बसवलेलं होतं. आक्कासाहेब बसल्या की जुना सांगाडा त्या बाजूला वाके आणि चौकट दाराला चिमटीत धरी. पण हे तोंडानं म्हणायचं कुणी? आप्पा दोन दिवस रस्त्यांनाच दोष देत राहिले.

म्हणायला आले मिस्त्री. सकाळी येऊन ते सोप्यात उभे राहिले. आतल्या दाराला पडदा, पडद्याच्या पलीकडे आक्कासाहेब. मी पडद्याच्या अलीकडे, कुणाचं लक्ष नाही अशी.

"आक्कासाब, चूक माझी हाय."

"कसली चूक?"

"मी मोटार रिकामी धरून दार बशिवलं. रिकाम्या मोटारीला दार लागतंय कशाला? दार बसनाऱ्यासाठनं असतंय. मेण्याला आमी आत कोन बसनार ते इचारून दांडा घालायचो. मोटार म्हनल्यावर माझी अक्कल गेली."

"मग आता?"

"भरल्याली धरून बशिवतो. तीन-चार दिस तुमच्या जागंवर तुमच्याएवढं वजन पायजे."

आप्पांनी खाली मान घातली.

"म्हणजे तुम्ही मला तोलणार?"

"म्या न्हाय, आक्कासाब. देवी तोलंल."

हे समजायला तुम्हाला मागची एक गोष्ट माहीत हवी. चार वर्षांपूर्वी आक्कासाहेब विषमज्वरानं अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा आप्पांनी अंबाबाईला नवस बोलला होता, बहीण उठली तर तिच्या भारंभार गूळ वाटीन. याला गुळाची तुला म्हणतात. तराजूच्या एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ. आक्कासाहेब उठल्या तेव्हा काडीसारख्या झाल्या होत्या. त्याच वेळी तुला केली असती तर थोडक्यात भागलं असतं. पण त्या म्हणाल्या, जरा अंगात ताकद येऊ दे. ताकद आली, आणि येतच राहिली. मग दर वर्षी त्या म्हणत, जरा वाळू दे. कोल्हापुरात गुळाला तोटा नव्हता, पण किती रवे लागले हे सगळ्या पेठेला कळणार, म्हणून देवी चार वर्षं थांबली होती. गुळाची मोठी ढेप म्हणजे रवा. एक रवा उचलायला धडधाकट गडी लागतो.

"नवस बी फिटंल, दार बी बसंल," मिस्त्री म्हणाले.

"आणि आकडा?"

"गूळ बोलत न्हाय, आक्कासाब."

"गूळ नाही बोलत. मिस्त्री बोलतात."

"मिस्त्री बी न्हाय बोलायचा. ह्यो शबुद हाय माजा."

तुला मागच्या परसात, फक्त बायकांच्या देखत झाली. मिस्त्री तेव्हा अंगणात पाठ करून बसले होते. गूळ चादरी झाकून मोटारीपाशी आणला गेला. किती रवे होते ते मला माहीत आहे, आणि मीही सांगणार नाही.

मग मोटार चार दिवस आक्कासाहेबांच्या जागेवर गूळ घेऊन उभी राहिली. पहिल्याच दुपारी मुंग्या आल्या. काळ्या, लाल, भिंतीवरून ओळ धरून. मिस्त्री काजळी लावत होते, मुंग्या त्यात बुडत होत्या आणि चौकटीवर दाराऐवजी मुंग्यांचे ठसे उमटत होते. ते हैराण झाले. शेवटी आक्कासाहेबांनी आतून हुकूम सोडला की चारी चाकांभोवती चुलीतली राख आणि हळद यांची कडी घाला. झाकलेला ढीग पोटात घेऊन, राखेहळदीच्या वर्तुळात उभी असलेली मोटार बघून रस्त्यानं जाणारे वहाणा काढून नमस्कार करत. एका म्हातारीनं पुढच्या दिव्याला फूल वाहिलं. मिस्त्रींनी ते उचलून आदरानं बाजूला ठेवलं आणि पुन्हा कानस हातात घेतली.

बिजागऱ्या पुन्हा सोडल्या, आप्पांच्या वहाणांच्या काही चकत्या काढल्या, काही दुसरीकडे सरकवल्या. गूळ भरलेल्या मोटारीचं दार करंगळीनं लागू लागलं. मग गूळ उतरवून देवीला दाखवला आणि सगळ्या पेठेत वाटला. मिस्त्रींच्या घरीही गेला.

साहेब आले ते दुसऱ्याच दिवशी, न कळवता. मोटार अंगणात रिकामी उभी. आणि रिकाम्या मोटारीचं ते दार आता साफ वेडंवाकडं होतं. मागच्या कडेनं वर चढलेलं, वरची फट बारीक, खालची रुंद. साहेबांनी खिशातली पेन्सिल काढून खालच्या फटीत घातली. ती आरपार गेली.

"मिस्त्री, ये सीधा है?"

मिस्त्री उभे होते. त्यांना उत्तर माहीत होतं. या जागेवर दोन माणसं बसवा, साहेब, मग बघा, एवढंच म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं की साहेबांनी विचारलं असतं, एकाच्या जागी दोन कशाला, इथं बसतं कोण? मग दिलेला शब्द राहिला असता कुठं? आप्पा इंग्रजीत काहीतरी सुरू करून मध्येच थांबले. बहिणीचं वजन परक्या माणसाला कुठल्याच भाषेत सांगता येत नव्हतं.

"ये सीधा है?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

मिस्त्रींनी वाकून आपल्या हत्यारांची पिशवी उचलली. "चुकलं असंल, साब," ते म्हणाले.

साहेबांनी खांदे उडवले, पेन्सिल खिशात घातली आणि ते फाटकाकडे वळले.

"गणू!" घरातून हाक आली. असा आवाज की साहेबही थांबले. "त्यांना म्हणावं, परतून या. लोकाच्या घरची मोटार अर्धीच बघून जातात होय?"

आणि पडदा बाजूला सारून आक्कासाहेब सोप्यात आल्या. सोप्यातून पायऱ्या उतरून अंगणात आल्या. पांढऱ्या लुगड्याचा पदर कपाळाखाली ओढलेला, पण चाल सावकाश आणि ठाम. त्या दारातून भरदिवसा, कनातीशिवाय, परक्या पुरुषांसमोर त्या बाहेर पडलेल्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या. आप्पा तोंड उघडून बघत राहिले. साहेबांनी टोपी काढली. मिस्त्रींनी मात्र आक्कासाहेबांची चाहूल लागताच मोटारीकडे पाठ केली आणि डोळे फाटकावर ठेवून ते उभे राहिले.

आक्कासाहेब मोटारीत चढल्या, आपल्या जागी बसल्या. मोटार कुरकुरली, हळूच खाली बसली. तिरपी चौकट आमच्या देखत सरळ झाली.

"गणू, लाव दार. करंगळीनं."

खट्.

"उघड."

उघडलं.

"परत लाव."

खट्.

साहेब वाकले. पेन्सिल काढून त्यांनी वरच्या फटीत घालून पाहिली, खालच्या फटीत घालून पाहिली. कुठंच गेली नाही. मग ते स्वतः एका बोटानं दार उघडून आणि लावून बघू लागले. लहान मुलासारखे पाच-सहा वेळा. आत आक्कासाहेब देवघरातल्या मूर्तीसारख्या समोर बघत बसल्या होत्या.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "ऐकू येतंय का?"

"येतंय, आक्कासाब," मिस्त्री फाटकाकडे बघत म्हणाले.

"भांडतंय का कुठं?"

"न्हाय जी. नांदतंय."

साहेब मिस्त्रींजवळ गेले. "बोला क्यों नहीं?"

"आमचं बोलनं झालं हुतं, साब."

साहेबांना ते कळलं नाही. आप्पांनीही भाषांतर केलं नाही. पण यादीत नाव आलं.

मोटारखान्यात मिस्त्रींनी पुढं किती दारं सरळ केली असतील कोण जाणे. गणू तिकडची बातमी आणी. कुठलीही मोटार पुढ्यात आली की मिस्त्री पहिल्यांदा विचारत, "बसनार कोन?" उत्तर मिळेपर्यंत पिशवी उघडत नसत. एका मोठ्या अधिकाऱ्यानं "तुला काय करायचंय?" म्हणून दरडावलं, तेव्हा ते म्हणाले, "मला काय न्हाय. दाराला इचारायचंय." मोटारखान्याचे साहेब आधी वैतागत, मग तेच स्वतः बसून दाखवू लागले. ईदला मिस्त्रींच्या घरून शीरखुर्मा येई तो पडद्यापाशी ठेवला जाई, आणि आक्कासाहेब पातेलं परत पाठवताना त्यात गूळ घालत. आक्कासाहेब पुन्हा कधी पडद्याबाहेर आल्या नाहीत. मिस्त्रींनी त्यांचा चेहरा शेवटपर्यंत पाहिला नाही.

आक्कासाहेब गेल्या तेव्हा मी इंग्रजी शाळेच्या वरच्या वर्गात होते. त्यानंतर आप्पांचं त्या मोटारीत मन लागेना. इचलकरंजीच्या एका सुताच्या व्यापाऱ्यानं ती विकत घेतली. गृहस्थ भला, पण अंगानं अगदी चरख्याच्या चातीसारखा बारीक. आठव्या दिवशी तो तक्रार घेऊन आला. डावं दार लागत नाही, बसून बघितलं, जोर लावून बघितलं, दार वाकडंच आहे.

आप्पांनी मिस्त्रींना बोलावलं. आता त्यांची दाढी पांढरी झाली होती. व्यापारी मागच्या जागेवर बसून दार ओढत होता. मिस्त्रींनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"पावनं, दार बरुबर हाय. तुमीच कमी पडताय."

व्यापाऱ्याला आधी राग आला. मग आप्पा हसले, तसा तोही हसला. "मग मी काय करू? खाऊन जाड होऊ?"

"नगं. आता तुमी बसनार. तुमच्यापरमानं करतो."

त्यांनी बैठक मारली, बिजागऱ्या सोडल्या आणि मागच्या चकत्या एकेक करून काढल्या. इतक्या वर्षांत त्या दबल्या नव्हत्या. व्यापाऱ्याला आत बसवूनच काजळी लावणं, घासणं, पुन्हा लावणं असं संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी त्यांनी करंगळीनं दार लावलं, कान देऊन ऐकलं आणि मान हलवली.

जमिनीवर चकत्या पडल्या होत्या. व्यापाऱ्यानं त्या पायानं गोळा करून बाजूला सारायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या, पावनं," मिस्त्री म्हणाले. खाली बसून त्यांनी एकेक चकती उचलली, फुंकर मारून धूळ उडवली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली. मग आप्पांना सलाम केला आणि फाटकातून बाहेर पडले.

मी सोप्यात उभी होते. पुढच्याच महिन्यात मी शिकायला पुण्याला गेले, त्यामुळं त्यांना पाहिलं ते हेच शेवटचं. एका हातात पिशवी, दुसरा हात खिशावर धरलेला. ते पेठेच्या वळणाशी पोचले असतील, तेवढ्यात व्यापारी काहीतरी विसरलं म्हणून उतरला, पुन्हा चढला आणि त्यानं दार लावलं. दार नीट लागलं असणार, कारण मिस्त्रींनी मागं वळून पाहिलं नाही.